डॉक्टरांचा महाप्रसाद

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात काही गोंधळ झाला, नाटकाची वेळ टळली, खुर्च्या कमी पडल्या, सहलीची बस भलत्याच गेटावर जाऊन उभी राहिली, की कोणीतरी हमखास म्हणतं, "झाला का डॉक्टरांचा महाप्रसाद!" मग सगळे हसतात. परवा कोजागिरीचं दूध करपलं तेव्हा नोएडाहून येणारी एक मुलगी हेच म्हणाली. तिचा जन्म झाला त्याच्या आधीच डॉक्टर आर. के. पुरम सोडून गेले होते. मी तिला विचारलं, "कोण डॉक्टर, माहीत आहे का?"

"नाही काका. असंच म्हणतात ना?"

असंच म्हणतात खरं. आता मंडळाच्या स्मरणिकेसाठी नव्या कार्यवाहांनी मला फोन करून सांगितलं, "काका, डॉक्टरांच्या महाप्रसादाची एक मस्त विनोदी आठवण लिहा ना. तेव्हा तुम्हीच कार्यवाह होतात." मी हो म्हटलं. आठवण विनोदी होईल की नाही ते सांगता येत नाही. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता माझा धीर सुटेल. त्या वर्षी गणपतीतला महाप्रसाद बिघडला तो डॉक्टरांमुळे नाही. माझ्यामुळे. लोकांनी त्या माणसाच्या नावाची म्हण केली आणि मी ती इतकी वर्षं ऐकत बसलो. कधीकधी इतरांबरोबर हसलोसुद्धा.

आता डॉक्टरांबद्दल.

ते औषधाचे डॉक्टर नव्हते. सरकारी शेतकी संस्थेत वाळवीवर संशोधन करत. आमच्या सरकारी क्वार्टरांत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. दारावरच्या पाटीवर 'डॉ.' वाचून सेक्टरातली माणसं ताप-खोकला घेऊन त्यांच्याकडे जायची. डॉक्टर हात जोडून म्हणायचे, "भाईसाहब, मैं दीमक का डॉक्टर हूँ. आपके दरवाज़े को बुख़ार हो तो बताइए." एकदा एक सरदारजी शांतपणे म्हणाले, "दरवाज़े को भी है जी," आणि त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेले. डॉक्टर त्यांच्या दाराच्या चौकटीपाशी जमिनीवर पोट टेकून संध्याकाळभर पडून राहिले. सरदारजींच्या घरच्यांनी त्यांच्या अंगावरून ये-जा केली, चहासुद्धा तिथेच जमिनीवर ठेवला. निघताना सरदारजींनी विचारलं, कोणतं औषध मारू? डॉक्टर म्हणाले, "अभी मत मारिए. बड़ा अच्छा काम चल रहा है."

स्वतःच्या घरातही त्यांचं तेच धोरण होतं. वहिनी म्हणायच्या, "माझं माहेरचं कपाट ह्यांनी वाळवीला आंदण दिलं." हे त्या रागानं म्हणायच्या असं मला पहिली काही वर्षं वाटत होतं. मग एकदा पाहिलं, डॉक्टर कपाटामागे टॉर्च घेऊन बसलेले आणि वहिनी त्यांच्या शेजारी, दुसरा टॉर्च घेऊन.

मी मंत्रालयात होतो. फाईल खालून वर जाते, वरून सही होऊन खाली येते, आणि मग जगात काहीतरी घडतं, अशी माझी समजूत होती. म्हणून वाळवीचं ऐकल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या खात्याला शोभेल असाच.

"राणी हुकूम सोडत असेल ना?"

"अहो, ती नावाची राणी. ती अंडी घालते. बाहेर ऊन आहे की पाऊस, एवढंही तिला माहीत नसतं."

"मग वारुळाचा नकाशा कोणाकडे असतो?"

"कोणाकडेच नाही."

"मग मंजुरी कोण देतं?"

यावर डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी समजावून सांगितलं. एक वाळवी मातीचा एवढासा गोळा आणून ठेवते. त्याला तिच्या लाळेचा वास असतो. दुसरीला तो वास आला की ती आपला गोळा तिथेच टाकते. जितके गोळे जास्त, तितका वास जास्त, तितक्या वाळव्या तिकडे जास्त. असा एक खांब उभा राहतो. जवळच दुसरा खांब असेल तर त्याचाही वास येतो, मग दोन्ही खांब एकमेकांकडे झुकतात आणि वर जाऊन भेटतात. झाली कमान. "त्यातल्या एकीलाही कमान माहीत नाही," ते म्हणाले. "कमान फक्त सगळ्यांना मिळून माहीत आहे."

मी त्या दिवशी खाली येऊन बायकोला म्हटलं, वरचे डॉक्टर चांगले आहेत, पण जरा हे आहेत. ती म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही असं म्हणा की."

कुठेही काही सुरळीत चाललेलं दिसलं की डॉक्टर थांबायचे आणि विचारायचे, "इथं साहेब कोण?" भाजीबाजारात, बसमध्ये चढताना, लग्नात. एकदा आम्ही भाजी घेऊन परतत होतो आणि सेक्टराबाहेरच्या चौकातला सिग्नल बंद पडला होता. स्कूटर, बस, रिक्षा, एक हातगाडी, सगळं एकमेकांतून वाट काढत चाललेलं. डॉक्टर दुधी भोपळ्याची पिशवी घेऊन दुभाजकावर उभे. "बघा. कुणालाही चौक दिसत नाहीये. ज्याला त्याला फक्त आपल्या पुढची गाडी दिसतेय. आणि चौक चाललाय." मी म्हटलं, मग सिग्नल काढूनच टाकू या. त्यावर ते एकदम गंभीर झाले. "आपोआप होतं ते चांगलंच होतं असं मी कुठं म्हटलं? कोंडीसुद्धा आपोआपच होते. चेंगराचेंगरीही. साहेब हवाच. पण त्यानं, समजा लग्नाच्या जेवणात, मेजं कुठं मांडायची ते बघावं. माणसांना ढकलू नये."

संस्थेत जायची त्यांची वाट दर थोड्या दिवसांनी बदलायची. मुंग्यांत म्हणे काही मुंग्या नेहमीच वाट चुकतात, आणि नवा साखरेचा डबा त्यांनाच सापडतो. "सगळ्याच शहाण्या असत्या तर जुना डबा संपल्यावर सगळ्या उपाशी मेल्या असत्या." म्हणून घरटी एक माणूस वाट चुकणारा हवा, असं ते म्हणत आणि ती जबाबदारी स्वतःकडे घेत. कामावर कायम उशीर. पण दूधकेंद्रामागून बसस्टॉपकडे जाणारी जी बोळकांडी सगळा सेक्टर अजूनही वापरतो, ती त्यांच्याच चुकण्यातून सापडली होती.

बागेतला प्रकार मात्र मला आजही आठवला की हसू येतं. आमच्या सेक्टरातल्या बागेत सकाळी फिरायला येणारे सगळे एकाच दिशेनं चकरा मारायचे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. डॉक्टरांच्या मनात आलं की ही दिशा उलटी फिरवायला किती माणसं लागतात ते पाहावं. पहिल्या दिवशी ते एकटेच उलटे चालले. पंजाबी बायकांच्या घोळक्यानं त्यांना बाजूला सारलं. "ओ भाईसाहब, उल्टे क्यों चल रहे हो? तबियत ठीक है?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना घेतलं. मग मला आणि माझ्या बायकोला. आम्ही चौघं उलटे चालायचो आणि सगळ्यांचे धक्के खायचो. वरच्या हुद्द्यावरचे एक मद्रासी अधिकारी मला थांबवून म्हणाले, आप भी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी डॉक्टरांना म्हटलं, उद्यापासून मी येणार नाही. ते म्हणाले, "उद्या फक्त या. आणखी दोन घरं तयार झालीत."

दुसऱ्या दिवशी आमचा बरा घोळका झाला. तरी पहिल्या एक-दोन चकरांत धक्केच. मग समोरून येणाऱ्या एक आजीबाई कंटाळून वळल्या आणि आमच्याबरोबर चालू लागल्या. त्यांच्यामागून दोघे वळले. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण एका चकरेच्या आत सगळी बाग फिरली. ते मद्रासी अधिकारी आमच्या पुढे चालत होते. समोरून आता एकच माणूस येत होता आणि पंजाबी बायका त्याला ओरडत होत्या, "उल्टे क्यों चल रहे हो?" ते डॉक्टर होते. आपलं काम झाल्यावर ते मुद्दाम जुन्या दिशेनं निघाले होते, पुन्हा किती लागतात ते बघायला.

अशा माणसाच्या हाती मी महाप्रसाद दिला, तो उगीच नाही. मला त्यांच्यावर विश्वास बसला होता. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

गणपतीतल्या शेवटच्या रविवारी मंडळाचा महाप्रसाद असायचा. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. मांडवात एकच लांब रांग, दोऱ्या बांधलेल्या, बिल्ले लावलेले कार्यकर्ते, आणि माईकवर मी. तरी दर वर्षी भांडणं. पुढचे लोक जिलब्या रचून न्यायचे, मागच्यांना पाक. डॉक्टर म्हणाले, "या वर्षी मला द्या. दोऱ्या नकोत, बिल्ले नकोत, माईक नको."

त्यांनी मांडवाच्या चारी कोपऱ्यांत मेजं लावली, प्रत्येकावर सगळे पदार्थ. आणि येणाऱ्याला तीनच गोष्टी सांगायच्या. जिथे गर्दी कमी दिसेल त्या मेजापाशी जा. स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं नाही. पुढचा तुम्हाला वाढेल, मग त्याच्या हातातला डाव घेऊन तुम्ही मागच्याला वाढायचं आणि जायचं. आणि पातेल्याचा तळ दिसला की डाव कडेवर वाजवायचा, म्हणजे आचारी ऐकेल आणि त्या मेजाकडे भरलेलं पातेलं पाठवेल. बस्स.

सुरुवातीला घोळ झाला, तो होणारच होता. डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं, "थोडा वेळ काहीही करू नका. बसल्या जागी बसा. गरज पडली तर हात बांधून घ्या." लोक डाव घेऊन गोंधळून उभे. मग एकानं हसत मागच्याला वाढलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला, आणि गाडी रुळावर आली. दुसऱ्याला वाढताना माणूस हात आखडता घेत नाही आणि ढीगही रचत नाही, हे मी तिथं पाहिलं. डाव वाजायचा, पातेलं यायचं. एका मेजाशी गर्दी झाली की माणसं आपण होऊन दुसरीकडे सरकायची. छावणीतून जवानांची बायकामुलं फौजी ट्रकमधून आली होती, सातारा-सांगलीकडची. एरवी बुजून एका कडेला उभ्या राहणाऱ्या त्या बायका मंत्रालयातल्या एका सचिवांच्या बायकोला आग्रह करून जिलबी वाढत होत्या. "घ्या की वो! एक काय घेताय, एकच वाढू न्हाई." मी खुर्चीत बसून बघत होतो. मंडळाच्या इतिहासात इतका चांगला महाप्रसाद झाला नव्हता. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे.

तेवढ्यात माझे साहेब आले. मीच त्यांना बोलावलं होतं. माझ्या बढतीचं प्रकरण त्यांच्याकडे होतं, हेही लिहून टाकतो. ते मांडवाच्या दारात उभे राहिले आणि मी त्यांच्या डोळ्यांनी आत पाहिलं. चारी बाजूंना माणसं, कुठे रांग नाही, बिल्ला नाही, कोण कुणाला वाढतंय पत्ता नाही, डाव वाजतायत. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि विचारलं, "इंतज़ाम कौन देख रहा है?"

दिल्लीत सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला विचारा, या प्रश्नानं काय होतं. मी धावत जाऊन माईक सुरू केला. "सर्वांना विनंती आहे, कृपया सर्वांनी डावीकडच्या पहिल्या मेजापाशी एका रांगेत यावं. कृपया रांगेत यावं." कार्यकर्त्यांना हाक मारून दोरी आणवली. साहेबांना दाखवायला मला एक सरळ रांग हवी होती.

लोक शहाणे होते. त्यांनी ऐकलं. चारी कोपऱ्यांतून सगळे डावीकडे आले, हातात अर्ध्या भरलेल्या थाळ्या. डाव कुणाच्या हातात द्यायचा हे कळेना, मग जो तो स्वतःच घेऊ लागला. बाकीच्या तिन्ही मेजांवरची पातेली भरलेली आणि तिथे कुणी नाही. डावीकडे एकामागून एक डाव बडवला जातोय आणि आचाऱ्याला वाटतंय कुणीतरी चेष्टा करतंय. दोरी ताणून तुटली. मुलं रडायला लागली. साहेब प्रसादाची एक पुरी घेऊन निघून गेले.

जवानांच्या बायका रांगेत शेवटी गेल्या, कारण पुढे घुसणं त्यांना जमत नव्हतं. त्यांची पाळी येईतो ट्रकची परतायची वेळ झाली, आणि घाईत हाती लागला तो नुसता भात. मी त्यांच्यापाशी जाऊन माफी मागू लागलो तर त्यांच्यातली एक म्हणाली, "राहू द्या भाऊ. भात तर मिळाला. आन् मगाशी लई छान वाटत हुतं, गावच्या कामाला जमल्यागत."

तिचं ते 'मगाशी' माझ्या कानातून गेलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. तोवर लोकांच्या मनात आधीचं आणि नंतरचं यांची अदलाबदल झाली होती. आधी गर्दी उसळली आणि मग मी माईक घेतला, असं सगळ्यांना आठवत होतं. खजिनदार म्हणाले, "कार्यवाहांनी माईक घेतला म्हणून निदान थोडं तरी सावरलं." मला काही बोलावं लागलंच नाही. नुसतं गप्प बसणं पुरलं. मग ते डॉक्टरांकडे वळले, "डॉक्टर, माणसं म्हणजे वाळवी नव्हे हो!"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले, "वाळवीला माईक ऐकू येत नाही."

सगळे खो खो हसले. डॉक्टरही हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बैठक संपल्यावर जिन्यात मला म्हणाले, "चला, वहिनींनी धिरडी केलीत म्हणे, तुमच्याकडेच येतो." आणि आले. तीन धिरडी खाल्ली आणि मधाच्या पोळ्याबद्दल बोलत बसले.

म्हण त्याच वर्षी पडली. नाटकाच्या तालमीत कोणीतरी म्हणालं आणि ती चिकटली. डॉक्टर स्वतःसुद्धा ती वापरायचे. पण पुन्हा त्यांच्या हाती मंडळानं काही दिलं नाही. ते मागायचे, अगदी मुलांच्या खेळांचं कामसुद्धा मागायचे, आणि आम्ही सगळे हसून विषय बदलायचो. मीही. मंडळात त्यांच्याइतका रिकाम्या हातानं बसलेला आणि मनापासून काम करू इच्छिणारा माणूस दुसरा नव्हता.

इथवर लिहून झाल्यावर मी मेट्रोनं गुडगावला गेलो. डॉक्टर आणि वहिनी तिथे मुलीजवळ राहतात, उंच इमारतीत. खाली पहारेकऱ्यानं माझा फोटो काढला, मगच वर सोडलं. वहिनी म्हणाल्या, "या. इथं सगळं काँक्रीट, त्यामुळे ह्यांना नातेवाईक कुणी नाहीत." डॉक्टर आता काठी घेऊन चालतात, पण खिडकीपाशी दुर्बीण होती आणि ते खालच्या रस्त्यावरची कोंडी कुठून सुरू होते ते शोधत होते.

मी त्यांना म्हटलं, लिहिलंय ते ऐका. मी वाचत गेलो. सरदारजींच्या दारापाशी वहिनी हसल्या. साहेबांचा भाग मी मान वर न करता भरभर वाचून टाकला. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, फार उशीर केला मी."

त्यांनी दुर्बिणीला झाकण लावलं. मग म्हणाले, "आमची मुलगी अजून मला विचारते, बाबा, तुमचं तेव्हा काय चुकलं होतं? मी तिला सांगतो, सिद्धांत बरोबर होता. तिला ते खरं वाटत नाही. हे तिला वाचायला द्या." मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "पण तुम्ही मठ्ठ्याचं गाळलंत."

"कसलं मठ्ठ्याचं?"

"माहीत नसल्यासारखं करू नका. मठ्ठ्याचं पिंप."

मला आठवत होतं. मुद्दामच गाळलं होतं. म्हटलं, "त्याचं काय एवढं? त्यानं काही फरक पडला नाही."

"कसा नाही पडला? नळापाशी उतार होता, हिनं मला सांगितलं होतं, तरी मी ते मेज तिथेच मांडलं. पिंप कलंडलं, बायका किंचाळत मागे सरल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी तुमचे साहेब दारात आले. मेजं मांडणं हे एकच काम माझ्याकडे होतं. एवढ्या लोकांच्या गोंधळाचा सगळा मान तुम्ही एकट्यानं घ्यायचा? मला काहीच नाही?"

"सांगितलं होतंच मी," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, "माईक माझ्या हातात होता, डॉक्टर. ते कमी होणार नाही."

"नका करू कमी. पण माझं ते घाला."

म्हणून घालतो. त्या दिवशी मठ्ठा सांडला तो माईकच्या आधी, आणि ते मेज डॉक्टरांनीच उतारावर मांडलं होतं. पुढचं सगळं मी केलं. तेव्हा मंडळातल्या थोरामोठ्यांना आणि नोएडाच्या त्या मुलीलाही माझी विनंती आहे की यापुढे काही गोंधळ झाला तर त्याला 'कार्यवाहांचा महाप्रसाद' म्हणावं. मठ्ठा तेवढा डॉक्टरांचा.